गॅरेज आधी, बॉस नंतर: साडेचार वर्षांच्या मुलीसमोर ‘आर्मर्ड कोअर ६’

घर ठाण्यातलं. हॉलमध्ये ४३ इंची टीव्ही, त्याखाली पीएस५, म्हणजे प्लेस्टेशन ५ हा गेमचा कन्सोल. बाबा सुट्टीच्या दिवशी ‘आर्मर्ड कोअर ६: फायर्स ऑफ रुबिकॉन’ हा रोबोटांच्या लढाईचा व्हिडिओ गेम खेळतात आणि मुलगी शेजारी येऊन बसते, कारण पडद्यावर रोबोट आहे. तिचं वय साडेचार. आईचं म्हणणं, नुसत्या बंदुका चाललेल्या असतात, तिच्यासमोर नको. बाबांचं म्हणणं, रक्त नाही, माणूस दिसत नाही, लोखंडावर लोखंड आपटतंय, त्यात काय एवढं. दोघांचंही अर्धं बरोबर होतं. पण वाद बंदुकांवर चालला होता आणि बिनसलं भलत्याच ठिकाणी.

रविवारी संध्याकाळी सातच्या सुमारास बाबा पहिल्या चॅप्टरच्या शेवटच्या मिशनला बसले. वॉचपॉइंटवरचा हल्ला, आणि शेवटी बाल्टियस नावाचा बॉस, म्हणजे हरवायला सर्वात अवघड असा मोठा शत्रू. सव्वा तास तोच बॉस चालला. मुलगी आधी उड्या मारत होती, मग कानांवर हात ठेवून बघू लागली, मग आजीच्या मागे जाऊन तिथून डोकावू लागली. पण खोलीतून हलली मात्र नाही. टीव्ही बंद केल्यावर रडारड झाली, जेवण अर्धं राहिलं आणि झोपताना प्रश्न आला: ते रेडिओवर ओरडलं ते कोण होतं, आणि त्याला काय झालं? दुसऱ्या दिवशी आईने गेमवर बंदी घातली. तिसऱ्या दिवशी मुलगीच ‘रोबोट लावा’ म्हणून मागे लागली.

आधी गेमबद्दल थोडं. फ्रॉमसॉफ्टवेअरचा हा गेम २५ ऑगस्ट २०२३ ला आला. गेमना वयाचे दर्जे देणाऱ्या अमेरिकेच्या ईएसआरबीने त्याला ‘टी’ दर्जा दिला आहे, म्हणजे १३ वर्षं आणि पुढे. हा दर्जा मजकुराबद्दल बोलतो: हिंसा किती, भाषा कशी. गेम किती वेगवान आहे, एकच लढाई किती वेळा परत लढावी लागते, याबद्दल त्यात काही नसतं. शेजारी बसून बघणाऱ्या मुलाला नेमका याच दोन गोष्टींचा त्रास होतो. म्हणून ‘रक्त नाही’ हे उत्तर पुरत नाही, आणि ‘बंदुका आहेत’ ही हरकतही मुद्द्यावर बोट ठेवत नाही.

बाल्टियसच्या लढाईत काय होतं ते बारकाईने पाहायला हवं. त्याच्याभोवती पल्स आर्मरचं कवच असतं. ते फुटेपर्यंत खऱ्या नुकसानीला सुरुवातच होत नाही. तो गोलाकार रचनेतून एकदम ढीगभर क्षेपणास्त्रं सोडतो, आणि दुसऱ्या टप्प्यात आगीचे लोट फिरवतो. धोक्याचा हल्ला येताना लाल खूण आणि तीक्ष्ण बीप येतो. खेळणाऱ्याला या गोंधळात अर्थ दिसतो. बॉसच्या नावाखालचा पट्टा भरत आला की तो डळमळणार, तेव्हा जवळ जाऊन पल्स ब्लेड, म्हणजे ऊर्जेची तलवार मारायची, हे त्याला माहीत असतं. दहाव्या प्रयत्नात कवच लवकर फुटलं याचं त्याला समाधानही असतं. मुलीला यातलं काहीच वाचता येत नाही. तिला उजेड, आवाज आणि ‘बाबा परत हरले’ एवढंच दिसतं.

त्यात चेकपॉइंटची, म्हणजे हरल्यावर जिथून परत सुरू होतं त्या जागेची भर. या मिशनमध्ये बाल्टियसच्या आधी सुल्ला नावाच्या पायलटशी लढाई आहे, त्याही आधी तळातून वाट काढायची आहे. बॉसकडून हरलं की गेम थेट बॉसच्या तोंडाशी आणून सोडतो. मोठ्यांसाठी ही मोठीच सोय आहे. पण त्यामुळे मिशनमधला सगळा शांत भाग गळून पडतो आणि सर्वात गोंगाटाची तीन-चार मिनिटं तेवढी पुन्हा पुन्हा वाजत राहतात. सव्वा तास गेम पाहिला असं म्हणायला ठीक. प्रत्यक्षात मुलीने एकच स्फोट सव्वा तास पाहिला. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, २०२१ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन ते पाच वर्षांच्या मुलांचा स्क्रीनचा वेळ दिवसाला फार तर एक तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली. हातात कंट्रोलर नाही म्हणून बघणं हिशोबाबाहेर जात नाही. झोपेआधीचा तास स्क्रीनशिवाय जावा हेही त्याच सल्ल्यात आहे. सात वाजता सुरू झालेल्या बॉसने दोन्ही मर्यादा एका बैठकीत ओलांडल्या.

बंदीने प्रश्न सुटत नव्हता, कारण मुलीला रोबोट खरोखर आवडत होता. मग क्रम उलटा केला.

गॅरेज हाच तिचा खेळ

या गेमचा निम्मा जीव गॅरेजमध्ये आहे, आणि तो निम्मा भाग साडेचार वर्षांच्या मुलाला पूर्ण कळतो. रोबोटला गेममध्ये एसी म्हणतात. त्याचे चार मुख्य भाग: डोकं, धड, हात, पाय. शस्त्रांच्या जागाही चार: उजवा हात, डावा हात, उजवा खांदा, डावा खांदा. आत वेग आणि उडी देणारा बूस्टर, नेम धरणारी एफसीएस आणि वीज पुरवणारा जनरेटर. भाग बदलला की रोबोट तिथल्या तिथे बदललेला दिसतो. घाई नाही, आवाज नाही, कोणी मारायला येत नाही.

निवड कशात द्यायची हे महत्त्वाचं. ‘कोणती बंदूक घेऊ?’ असं विचारू नये. तिला फरक दिसत नाही आणि बोलणं परत बंदुकीवर येतं. पाय विचारावेत. साधे दोन पाय, टोळासारखे मागे वाकलेले पाय, चार पाय आणि रणगाड्याची चाकं, हे चार प्रकार लांबूनही वेगळे ओळखू येतात आणि प्रत्येकाची चाल वेगळी. मागे वाकलेले पाय उंच उडी मारतात. चार पायांचा एसी हवेत तरंगत थांबू शकतो. चाकांचा जड, पण दणकट. त्यात बूस्टर आधीच असतो, म्हणून बूस्टरची जागा रिकामी दिसते. काही बिघडलंय असं समजून शोधाशोध करू नये. सगळे प्रकार पहिल्या दिवशी दुकानात नसतात, मिशन पुढे सरकतील तसे येतात. पैशांची काळजी नको, कारण भाग ज्या किमतीला घेतला त्याच किमतीला विकता येतो. चार पाय आज घेतले, उद्या नको झाले, तोटा शून्य.

इथे हमखास अडकतं ते वजनात. मुलं सर्वात मोठं दिसेल ते निवडतात: जाडजूड धड, दोन्ही खांद्यांवर मोठ्या तोफा, आणि खाली बारीक पाय. पायांची वजन पेलण्याची मर्यादा ओलांडली किंवा विजेची गरज जनरेटरच्या पुढे गेली की आकडा लाल होतो आणि असा एसी मिशनवर नेण्यासारखा राहत नाही. या वेळी ‘हे चालणार नाही’ म्हणून तिची निवड मोडू नये. लाल आकड्यावर बोट ठेवून सांगावं, याचे पाय दुखतायत, एकतर पाय जाड घेऊ नाहीतर एक तोफ उतरवू. पहिला उपाय बहुतेकदा तिलाच सुचतो. हातांच्या वजनाचा आकडा वेगळा असतो. तो ओलांडला तर गेम अडवत नाही, नेम आणि धक्का सांभाळणं तेवढं बिघडतं. तिच्यासाठी तेवढं चालवून घ्यावं.

रंगाचं पान याहून सोपं. प्रत्येक भागाला अनेक रंग देता येतात आणि झीज-गंज किती दिसावा तेही ठरवता येतं. दोनच रंग तिला विचारावेत. सगळे विचारत बसलात तर अर्धा तास तिथेच जातो. शिक्का बनवण्याच्या पानावर गोल, चौकोन, त्रिकोण एकावर एक ठेवून मांजराचं तोंड सहज होतं. तयार झालेला एसी वेगळ्या जागी सेव्ह करावा, बाबांच्या एसीवर नव्हे. हे काम वाटतं त्याहून मोठं आहे. बाबांनी रात्री आपल्या लढाईसाठी भाग बदलले आणि सकाळी गुलाबी रोबोट राखाडी निघाला, तर त्याची भरपाई कुठल्याच मिशनने होत नाही.

बांधलेला एसी लगेच चालवून बघायचा तर असेंब्लीत, म्हणजे भाग जोडण्याच्या पानावरच चाचणीची सोय आहे. पळा, उडी मारा, तरंगा. मिशन नाही, खर्च नाही. पहिल्या काही बैठका इथेच संपल्या तरी हरकत नाही.

मग लढाई कोणती

नवं मिशन तिच्यासमोर सुरू करायचं नाही. त्यात काय येईल, किती वेळा हरू, हे बाबांनाही माहीत नसतं. जिंकलेली मिशनं पुन्हा खेळता येतात, त्यातलीच निवडायची. पहिल्या चॅप्टरमधली छोटी मिशनं हातावर बसल्यावर दहा मिनिटांच्या आत होतात आणि हरण्याचा प्रश्न जवळपास येत नाही. त्यातही सर्वात बघण्यासारखं म्हणजे स्ट्रायडरचं मिशन. हे चालतं-फिरतं अजस्त्र खाणजहाज आहे. आधी पायाचा सांधा फोडायचा, मग त्याच्या अंगावर चढत जायचं, वाटेतले जनरेटर उडवायचे आणि शेवटी वरचा डोळा. मुख्य शत्रू एकच, तो हळू चालतो, कुठे मारायचं ते बोटाने दाखवता येतं. त्याचा लेझर दणकट आहे, एवढंच आधी सांगून ठेवावं. डोळा चमकला की आपण आडोशाला जाणार.

‘टेस्टर एसी’ नष्ट करण्याचं मिशनही छोटं आहे, पण ते वगळावं. समोर शिकाऊ पायलट असतो आणि तो लढता लढता बोलतो. मोठ्या माणसालाही ते ऐकून चुटपुट लागते.

सर्वात सोयीचा अरेना. एकास एक लढत, एक-दोन मिनिटांत निकाल, दोघांच्या जीवनाचे पट्टे समोर. आणि या प्रकरणात कामाचं म्हणजे गेमच्या कथेतच अरेना हा नकली सराव आहे. ऑलमाइंड नावाची यंत्रणा नोंदींवरून प्रतिस्पर्धी उभे करते. तेव्हा ‘त्याला लागलं का?’ या प्रश्नाला ‘नाही, हा सराव चाललाय’ हे उत्तर थाप ठरत नाही.

रेडिओवरच्या आवाजाचा प्रश्न इथेच सुटायला मदत होते. या गेममध्ये माणसाचा चेहरा दिसत नाही. पायलट म्हणजे एक शिक्का आणि एक आवाज. त्यामुळे बाबांना वाटतं माणूस नाहीच. मुलीला मात्र आवाज ऐकू येतो, आणि आवाज आहे म्हणजे कोणीतरी आहे, हा तिचा हिशोब बरोबर आहे. ‘आत कोणी नसतं, नुसतं यंत्र’ असं सांगून ठेवलं आणि पुढच्या मिनिटाला कोणी किंचाळलं, तर पुढे कशावरच विश्वास बसणार नाही. आत पायलट असतो, हे सरळ सांगावं. ती शेजारी असताना ध्वनीच्या सेटिंगमध्ये संवादाचा आवाज पूर्ण उतरवावा आणि सबटायटल चालू ठेवावेत. आज्ञा बाबांना वाचता येतात, तिचं काही अडत नाही. भाषा जपानी करून ठेवणं हा पुरेसा उपाय नाही. शब्द कळले नाहीत तरी किंकाळी कळते.

स्फोटांचा आवाज संगीतापेक्षा खाली आणावा. साउंडबार असेल तर त्याचा नाइट मोड लावावा, अचानक येणारा धडाका त्यात दबतो. खोलीतला दिवा चालू ठेवावा. टीव्हीवर ‘व्हिविड’ चित्र असेल तर ते साध्या मोडवर आणावं आणि सोफा पडद्यापासून निदान दोन मीटर लांब असावा. मुलाला किंवा घरात कोणाला फिट येण्याचा इतिहास असेल तर झगमगणारे गेम त्याच्यासमोर लावूच नयेत, आधी डॉक्टरांना विचारावं. बघता बघता मूल एकटक होऊन हाकेला ओ देईनासं झालं, तर ‘रंगलीय’ असं समजू नये. गेम थांबवावा आणि लक्ष द्यावं.

दुसरा कंट्रोलर

सप्टेंबर २०२३ च्या अपडेटपासून पीएस५ वर दोन कंट्रोलर मिळून एकच खेळाडू चालवू शकतात. सेटिंगमधल्या अॅक्सेसिबिलिटीत, कंट्रोलरच्या भागात, सहाय्यक कंट्रोलर म्हणून दुसरा जोडायचा. एक्सबॉक्सवर हीच सोय २०१७ पासून आहे, तेव्हा तिचं नाव कोपायलट होतं. गेमला स्वतःला दोन खेळाडूंनी मिळून मिशन खेळण्याची सोय नाही, तरी यामुळे तिला एक बटण देता येतं.

कोणतं द्यायचं? पहिल्यांदा सर्वांना रिपेअर किट आठवतं, दिशाबटणांतलं वरचं. कळायला सोपं आहे: पट्टा कमी झाला, दाबलं, भरला. पण मिशनला किट तीनच. उत्साहात ती तिन्ही पहिल्या मिनिटात संपतात, मग बाबांचा चेहरा पडतो आणि तिला वाटतं आपलं चुकलं. त्याऐवजी खालचं बटण द्यावं, स्कॅन. दाबलं की आसपासचे शत्रू भिंतीआडूनसुद्धा उजळून दिसतात. थोड्या वेळाने पुन्हा दाबता येतं, संपत नाही, चुकून दाबलं तर नुकसान नाही. ‘कुठे लपलेत बघ’ हे काम तिचं. किट नंतर, ‘आता’ म्हटल्यावर दाबायचं एवढं जमल्यावर.

गडबड होते ती बाकीच्या बटणांची, कारण दुसऱ्या कंट्रोलरवर सगळीच बटणं जिवंत असतात. तिने तो दोन्ही हातांत धरला की अंगठे काड्यांवर जातात. उजवीने कॅमेरा गरगरतो, डावी आत दाबली गेली की एल३, म्हणजे असॉल्ट बूस्ट, आणि एसी सुसाट पुढे निघतो, कधी थेट शत्रूच्या अंगावर. हा कंट्रोलर तिच्या हातात न देता सोफ्यावर उशीवर ठेवावा. डाव्या हाताची मूठ मांडीवर, उजव्या हाताचं एक बोट खालच्या बटणावर. त्या बटणावर रंगीत स्टिकरचा बारीक तुकडा चिकटवला की बोलून सांगावं लागत नाही.

थांबणं

‘अजून पाच मिनिटं’ हे त्या वयात निरर्थक. मिशन संपल्यावर हिशोबाचं पान येतं: मानधन इतकं, त्यातून दारूगोळा वजा, दुरुस्ती वजा, हातात उरले ते इतके. ‘हिशोब आला की बंद’ हे आधी ठरवावं आणि हिशोब आल्यावर बंद करण्याचं बटण तिला दाबू द्यावं. मध्येच कोणी आलं, दूध उतू गेलं, तर ऑप्शन्स दाबून मिशन थांबवता येतं. फ्रॉमसॉफ्टवेअरच्या सोल्स पठडीतल्या गेमची सवय असलेल्यांना हे खरं वाटत नाही, पण इथे पॉज आहे. अर्ध्या मिशनमधून गॅरेजला परतलं तर त्या मिशनची प्रगती जाते, म्हणून उठायचंच असेल तर पॉज करून कन्सोल रेस्ट मोडला टाकावा.

गॅरेजला पंधरा मिनिटं, अरेनाच्या दोन लढती किंवा एक जुनं मिशन, असा अर्धा तास बसतो. सकाळी किंवा दुपारी. बाल्टियस, पुढचे बॉस आणि पहिल्यांदाच खेळली जाणारी प्रत्येक गोष्ट ती झोपल्यावर, हेडफोन लावून. आईचा आक्षेप इथे निम्म्यावर आला. उरलेला निम्मा, म्हणजे रोबोट बंदुका का चालवतात, तसाच राहिला, आणि तो गेमच्या सेटिंगमध्ये सुटणाराही नाही. रुबिकॉन या गेममधल्या ग्रहावर आपण भाडोत्री सैनिक असतो. आज ज्या कंपनीसाठी लढलो तिच्यावरच उद्या चालून जातो. वाईट कोण, याचं नीट उत्तर खुद्द गेमकडे नाही. त्यामुळे ‘तो वाईट रोबोट आहे’ ही सवयीची सारवासारव इथे टाळलेली बरी.

पुढे मुलीने सोफ्यावरून उड्या मारायला सुरुवात केली. हे मारामारीचं अनुकरण नव्हतं, बूस्टचं होतं. खाली गादी टाकली आणि खोक्यांना चिकटपट्टी लावून तिच्यासाठी पाय बनवले, एवढ्यावर भागलं.

राहता राहिला स्वतः खेळण्याचा हट्ट. ‘आर्मर्ड कोअर’चा कंट्रोलर तिच्या हाती देऊन उपयोग नाही. उडत, वळत, चार शस्त्रं एकाच वेळी वापरायची असतात आणि त्यासाठी दोन्ही हातांची सगळी बोटं लागतात. प्रत्येक पीएस५ मध्ये ‘अॅस्ट्रोज प्लेरूम’ हा गेम आधीच असतो, फुकट, त्यातही नायक रोबोटच. सुरुवात सीपीयू प्लाझापासून करावी. तो मधला चौक आहे, पळावं, उड्या माराव्यात, दोऱ्या ओढाव्यात. मग कूलिंग स्प्रिंग्ज. तिथला स्प्रिंगचा बेडूक कंट्रोलर तिरका करून आणि ट्रिगर दाबून चालतो, तिथे बाबांनी मागून हात धरावा. जीपीयू जंगलमधलं माकडाचं चढणं लहान हातांना जड जातं, ते शेवटी ठेवावं. पडलं तर जवळच्याच जागेवरून परत सुरू होतं, त्यामुळे पडण्याचं दुःख टिकत नाही.